चित्र्याच्या पोटातला पुरावा

बोरजाईवाडीत त्या सकाळी गोठ्यात बैल मरून पडला होता आणि चावडीच्या खांबाला माणूस बांधलेला होता. डॉक्टर सयाजी थोरातांना बोलावणं आलं ते बैलासाठी.

सांगावा घेऊन आलेला गडी आष्ट्याच्या गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवरच बसला. त्याला धाप लागली होती.

"लालासाएबांचा चित्र्या मेला, डाक्टर. हरण्या बी पडलाय. परवा शुक्रवारी शर्यत हाय. लौकर चला."

"आजारी कधीपासून?"

"काल सकाळपास्नं."

"मग काल काय करत होतात?"

गडी उपरण्यानं तोंड पुसू लागला. डॉक्टरांनी पिशवी सायकलच्या दांडीला अडकवली आणि पायडल मारलं. दिवसभर उशिरा बोलावणारी माणसं त्यांना मनापासून आवडत नसत आणि त्यांच्या नोकरीत बहुतेक सगळी तशीच भेटत.

१९६६ सालचा चैत्र. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळत होती. तिची भाकरी थापताना बायका शिव्या घालत आणि तीही मिळाली नाही की रडत. लालासाहेब मोहित्यांकडे मात्र विहिरीला पाणी होतं, ऊस होता आणि आटपाडीकडून आणलेली खिलार जोडी होती. त्या जोडीवर सगळ्या वाडीचा जीव होता.

चावडीपुढं गर्दी होती. खांबाला बांधलेला माणूस चाळिशीचा, काटक. त्याचा ओठ फुटला होता. समोर मातीत एक बाई दोन पोरांना जवळ घेऊन बसली होती. इस्लामपूरचे फौजदार खुर्चीवर बसून चहा पीत होते.

"या डॉक्टर," फौजदार म्हणाले. "हा आकाराम कांबळे. लालासाहेबांचा सालगडी. बैलांना विष घातलं यानं. तुम्ही चिरफाड करा आणि विषबाधेचा दाखला द्या. पाचच्या मोटारीनं मला याला न्यायचंय."

"दाखला काय द्यायचा ते चिरफाडीआधीच ठरलंय होय?"

"पुरावा आहे, साहेब. काल दुपारी यानं दोन्ही बैलांना बादलीनं पाणी पाजलं. पाच जणांनी पाहिलंय. संध्याकाळी चित्र्या बसला तो उठलाच नाही. आणि आज सकाळी झडतीत याच्या घरात उसावर मारायच्या एंड्रीनचा डबा सापडला."

"आणि यानं असं का केलं?"

उत्तर लालासाहेबांनी दिलं. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पण डोळे रात्रभर न झोपल्यानं तांबडे झाले होते. "पंधरा दिसांमागं आमची म्हस मेली. ह्येला म्हनलं, वढून टाक. तर म्हनतो, आमी बुद्धाच्या धर्मात गेलाव, त्ये काम सोडलंय, दहा वर्सं झाली. मी दोन शबूद बोललो. त्येचा डूख धरला ह्यानं. सकाळी मी हितंच हुबं ऱ्हाऊन साऱ्या वाडीला सांगितलंय."

मागून कुणीतरी ओरडलं, "दिवा लागायच्या आत ह्येंची समदी घरं खाली झाली पायजेत! न्हाईतर आमी करतो खाली!"

गर्दीतून हुंकार उठला. बौद्धांची घरं अकरा होती. डॉक्टरांनी मातीत बसलेल्या बाईकडं पाहिलं. ती रडत नव्हती. नुसती त्यांच्याकडं बघत होती आणि ते बघणं सहन होण्यासारखं नव्हतं.

"डाक्टरसाएब," बांधलेला आकाराम मधेच बोलला, "हरण्या जित्ता हाय का?"

"गप!" शिपायानं त्याला ढोसलं.

घड्याळात साडेदहा झाले होते.

गोठा वाड्याच्या परसात होता. चित्र्या डाव्या कुशीवर पडला होता, पोट फुगलेलं, डोळे खोल गेलेले. पलीकडं हरण्या मान पोटाकडं वळवून बसला होता. श्वास भराभर, पण जिवंत.

लालासाहेबांचा धाकटा भाऊ मानसिंग तिथं उभा होता. अठरा वर्षं लष्कराच्या खेचरांच्या पलटणीत काढून हवालदार म्हणून तो दोन वर्षांपूर्वी घरी आला होता. कपड्याला अजून इस्त्री, मिशीला अजून पीळ.

"जय हिंद, डॉक्टरसाब. मी कालपास्नं बघतोय. मला वाटलं उन्हाची बाधा. आमी पलटणीत लय जनावरं बरी केलीत. म्हनून म्या दादाला म्हनलं, डाक्टर कशाला?"

"म्हणजे मला बोलवू नका असं तुम्ही म्हणालात."

"तवा ईख हाय ह्ये कुनाला ठावं?"

डॉक्टर खाली बसले. आधी त्यांनी जमीन पाहिली. शेणकाल्यानं सारवलेली जमीन सपाट होती, खुरांनी कुठं उकरली नव्हती. मग बैलाची कातडी बोटांनी चाचपली, मानेपासून शेपटीपर्यंत. गुंजेची विषारी सुई टोचून जनावर मारतात ती खूण कुठंच नव्हती. शिंगांच्या मागं, मानेवर, मात्र केस एका सरळ पट्टीत घासले गेले होते. तशीच पट्टी हरण्याच्या मानेवरही होती.

"ही जोडी जुवाला कधी जुंपली होती?"

"आठ दिस न्हाई," लालासाहेब म्हणाले. "शर्यतीसाठी राखलीती."

डॉक्टरांनी चित्र्याच्या नाकपुडीत बोट घातलं. बोटाला तांबूस ओलसर पीठ लागलं. त्यांनी ते कागदात पुडी करून खिशात टाकलं. मग, नेहमीप्रमाणं, शेण मागितलं.

याबद्दल आष्ट्याकडं लोक त्यांची टर उडवायचे. कुठलंही जनावर दाखवा, हा गृहस्थ आधी त्याचं शेण नाकाशी धरणार. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

"शेण कोण काढतं?"

शेणी थापणारी धोंडुबाई पुढं आली. हात कोपरापर्यंत वाळलेल्या शेणाचे.

"दोन दिसांत काही वेगळं दिसलं?"

"दिसलं तर! काल पाटंचं आलो, तर ह्या दोगांचं शेन पान्यावानी. थापाय घेतलं तर हातात ऱ्हाईना. आंबूस वास, ताकावानी. म्या तसंच उकिरड्यावर टाकलं."

"काल पहाटे? नक्की काल?"

"आवं मंगळवारचा माझा उपास असतोय. उपाशीपोटी त्यो वास सोसवंना, म्हून ध्यानात हाय."

डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. परसातल्या दोरीवर धुणं वाळत होतं. एक लुगडं, दोन धोतरं आणि जाड खाकी कापडाची, तोंडाला पट्टा असलेली एक पिशवी. डॉक्टरांनी तिच्याकडंही पाहिलं आणि सुरी पाजळायला घेतली.

चिरफाडीला पाऊण तास लागला. बघायला आलेले बहुतेक पहिल्या पाच मिनिटांत नाकाला उपरणं लावून निघून गेले. मानसिंग थांबला.

रवंथाचं मोठं पोट उघडलं तसा आंबूस वासाचा लोट आला. आत कडब्याचा चोथा असायला हवा होता. आत लापशी होती, पातळ, करड्या रंगाची आणि तीत तांबडी कणी. डॉक्टरांनी पोटाच्या आतल्या अस्तरावर अंगठा दाबला तर ते ओल्या कागदासारखं सुटून हातात आलं. त्यांनी पिशवीतून निळ्या लिटमस कागदाची पट्टी काढून लापशीत बुडवली. पट्टी तिथल्या तिथं लाल झाली.

"एंड्रीनचा वास कसा असतो, हवालदार?"

"लय उग्र. रॉकेलावानी. डोकं चढतं."

"इथं येतोय?"

मानसिंगनं हुंगल्यासारखं केलं. "जरासा येतोय."

डॉक्टरांनी लिटमसची पट्टी कागदात गुंडाळून ठेवली. मग उठले, हात धुतले. त्यांना राग आला होता आणि राग आला की ते हळू बोलत.

"दुकानातून खाण्याचा सोडा आणा. अर्धा शेर. आणि रवंथ करणारी गाय कुठं आहे?"

"आमची गुरं नदीकडं गेल्यात," लालासाहेब म्हणाले.

गाय सापडली ती आकारामच्या घरापुढं. हडकलेली, कडब्याच्या काड्या चघळत बसलेली. डॉक्टरांनी कुणाला न विचारता तिच्या जबड्यात हात घालून रवंथाचा घास काढला, तो पाण्यात कालवला आणि सोड्याच्या पाण्यामागोमाग हरण्याच्या घशात ओतला. लालासाहेब बघत होते. घास कुणाच्या गाईचा हे त्यांना दिसत होतं.

"तासातासानं द्या. जगेल की नाही सांगत नाही. याच्या पोटात कमी गेलंय एवढंच याचं नशीब."

"काय कमी गेलंय?"

"ते चार वाजता सांगतो."

बारा वाजले होते. डॉक्टर चावडीवर आले आणि फौजदारांना म्हणाले, "मला याच्याशी बोलायचंय."

"बोला. पण दोरी सुटणार नाही."

आकारामच्या ओठावरचं रक्त सुकलं होतं. डॉक्टरांनी स्वतः तांब्या त्याच्या तोंडाला लावला. गर्दीत कुजबूज झाली.

"सोमवारी कुठं होतास?"

"सांगलीला. गुळाची गाडी घिऊन. दुपारी निघालो, रात पेठंत काडली, काल दुपारला आलो. आल्या आल्या गोठ्यात गेलो, तर दोगंबी मान टाकून हुबी. म्हनून पानी दावलं. हरण्यानं पेलं, चित्र्यानं तोंड बी लावलं न्हाई."

"सांगलीला जायला कुणी सांगितलं?"

"मानसिंग हवालदारांनी. म्या म्हनलं, शर्यत चार दिसांवर हाय, जोडी सोडून कसा जाऊ? तर म्हनले, हुकूम हाय."

"जोडीला खायला काय असतं?"

"कडबा, उसाचं वाडं, सांजच्याला मूठभर पेंड. आटपाडीचं जनावर, साएब, वाळल्या वैरणीवर वाढल्यालं. हवालदार म्हनायचे, दाना घाल. म्या म्हनलं, सवं न्हाई, सोसायचं न्हाई. तवा लय चिडले."

"तुझ्या घरी मिलो किती आहे?"

उत्तर त्याच्या बायकोनं, राहीबाईनं दिलं.

"घरात दाना न्हाई, साएब. मजुरीची मिलो आमाला दर सोमवारी मिळती, लालासाएबांच्या कोठीतनं. ह्या सोमवारी हवालदार म्हनले, पोतं आलंच न्हाई. तीन दिस अंबाड्याची भाजी शिजवून घालती पोरास्नी." तिनं दोन्ही पोरांना पुढं केलं. "ज्येच्या पोराच्या पोटात काय न्हाई, त्यो बैलाला काय घालंल? ईख इकत घ्याया तर पैसं लागत्यात!"

"एंड्रीनचा डबा?"

"कोठीत कुलपात असतोय," आकाराम म्हणाला. " हवालदार पंपात मापून वतून देत्यात, डबा हातात देत न्हाईत. आमी समदी काल सांजला नदीवरनं आलो तर उतरंड हाललेली. वाटलं मांजर शिरलं आसंल. आज झडतीला शिपाई आला आन् सरळ उतरंडीमागं हात घातला."

डॉक्टर फौजदारांकडं वळले. "उतरंडीमागं शोधायचं शिपायाला कसं सुचलं?"

"मानसिंग हवालदारांनी सांगितलं. ते दाराबाहेर उभे होते. आत कसे जाणार ते त्या घरात? बाहेरूनच म्हणाले, उतरंडीमागं बघा."

"असं."

फौजदार मूर्ख नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला.

त्यानंतर डॉक्टर वाड्यात गेले ते लालासाहेबांच्या आईकडं. अंबूबाई सत्तरीच्या, डोळ्यांत फूल पडलेलं. जात्याशी बसून खांदा चोळत होत्या.

"आजी, खांदा दुखतोय?"

"दुखंल न्हाई तर काय बाबा. सोमवारी दुपारच्याला भरड काडली. पाक सहा पायल्या."

डॉक्टरांनी जात्याच्या पाळूवर बोट फिरवलं. तांबडं पीठ होतं. "तुमच्या घरी मिलो खातात?"

"छ्या! आमी शाळू खातो. मानसिंगानं आणून दिली. म्हनला, आये, जाडी भरड काड, कोंबड्यास्नी घालायची हाय."

"कोंबड्या किती आहेत?"

अंबूबाईंनी मनात मोजल्या. "चार," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. "कारं बाबा? काय झालंया?"

डॉक्टरांना त्या म्हातारीला उत्तर द्यायचं जिवावर आलं. ते तसेच उठले.

चार वाजता चावडीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दोघाचौघांच्या हातात काठ्या होत्या. एकानं रॉकेलची बाटलीही आणली होती आणि ती लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

डॉक्टरांनी चावडीच्या ओट्यावर तीन वस्तू मांडल्या. गुळाचा खडा, मूठभर मिलो, कडब्याचं कांडकं.

"दाखला द्या की!" कुणीतरी ओरडलं.

"देतो. आधी ऐका. या तिन्ही वस्तू एकाच घराण्यातल्या आहेत. तिन्हींत साखरच आहे. गुळात ती सुटी आहे, जिभेवर ठेवली की लागते. दाण्यात ती साखळीत ओवलेली आहे. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते ना? ती साखळी तुटते म्हणून. कडब्यातही साखरच, पण तिची साखळी अशी घट्ट की तुमच्या-माझ्या पोटाला ती तुटत नाही. आपण कडबा खाल्ला तर उपाशी मरू."

"मग बैल कसा जगतो?" फौजदारांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बैलही स्वतः तोडत नाही. त्याच्या रवंथाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. ते कडबा आंबवतात, सावकाश, दिवसरात्र. त्यातून निघतं त्यावर बैल नांगर ओढतो. मघाशी हरण्याला गाईचा घास पाजला तो हेच जीव परत पेरायला. त्या जिवांना कडब्याची सवय असते. एकाएकी त्यांच्यापुढं भरडलेल्या दाण्याचा ढीग ओता. दाण्याची साखळी भराभर तुटते, दुसऱ्याच जातीचे जीव माजतात आणि त्या साखरेचं आम्ल करतात. नुसतं आम्ल. पोटाचं अस्तर जळतं, रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं, शेण पातळ होतं, त्याला ताकाचा वास येतो. जनावर पाय झाडत नाही. गुंगल्यासारखं बसतं आणि दीडदोन दिवसांत मरतं."

त्यांनी लाल झालेली लिटमसची पट्टी वर धरली.

"एंड्रीननं जनावराला झटके येतात. पाय झाडून झाडून ते जमीन उकरतं. गोठ्याची जमीन मी पाहिली. सारवण जसंच्या तसं आहे. चित्र्याच्या पोटात विष नाही. तीनएक पायल्या मिलोची भरड आहे."

पुढं बसलेल्या दोघांनी पट्टी बघायला माना पुढं काढल्या.

"धोंडुबाईंना पातळ शेण दिसलं काल पहाटे. म्हणजे भरड पोटात गेली सोमवारी संध्याकाळी. आकाराम त्या वेळी सांगलीच्या पेठेत होता. त्याला तिकडं पाठवलं होतं, कारण तो इथं असता तर त्यानं दाणा घालू दिला नसता. बैलांच्या मानेवर पट्टा घासल्याची खूण आहे आणि नाकपुडीत पीठ आहे. आपण बैलाला बुट्टीतून खायला घालतो. तोंडाला पिशवी बांधून, पट्टा मानेमागं अडकवून, आत दाणा कोण घालतं?"

गर्दीत बसलेला एक म्हातारा सैनिक अभावितपणे बोलून गेला, "तोबरा. घोड्याला, खेचराला घालत्यात."

"तोबरा. तो धुऊन वाड्याच्या परसात वाळत घातलाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. मानसिंग सावधान उभं राहावं तसा भिंतीशी उभा होता.

"काय बोलताय डाक्टर," लालासाहेब उठले. "त्यो माझा भाऊ हाय."

"मारायचा हेतू नव्हता त्यांचा. अठरा वर्षं ज्या जनावरांना दाणा घातला, त्यांचं पोट वेगळं असतं. खेचराला रवंथाचं पोट नाही. बेताचा, मापून दिलेला दाणा त्याच्या आतड्यात पचून थेट रक्तात जातो. वैरण मागल्या आतड्यात आंबते. खेचर दाण्यावर डोंगर चढतं. हवालदारांना वाटलं, बैलही चढेल. खेचर एवढंसं, बैल एवढा मोठा. मग माप वाढवलं. बरोबर?"

मानसिंग मिशीला पीळ देऊ लागला.

"इथवर ती चूक होती," डॉक्टर म्हणाले. "इथवर मी तुमच्यासाठी हळहळलो असतो. पण काल जनावरं मान टाकू लागल्यावर तुम्ही मला बोलावू दिलं नाहीत. काल दुपारी अर्धा शेर सोडा पोटात गेला असता तर चित्र्याही कदाचित वाचला असता. आणि संध्याकाळी तुम्ही एंड्रीनचा डबा घेऊन अशा घरात शिरलात, ज्याच्या उंबऱ्याला तुमच्यापैकी कुणी पाय लावत नाही. आज मात्र बाहेर उभं राहून आतली उतरंड तुम्हाला बरोबर ठाऊक होती. कोठीची किल्ली कुणाकडं असते, लालासाहेब?"

लालासाहेबांनी भावाकडं पाहिलं. किल्ली मानसिंगच्या कमरेला होती.

"मानसिंग. खोटं हाय म्हन."

"दादा..." त्यानं मिशीवरचा हात खाली घेतला. "तू चारचौघांत म्हनलास, तुला सरकारनं खेचरं हाकाय ठिवला हुता, बैलातलं तुला काय कळतंय. मला दावायचं हुतं तुला. चित्र्यानं समदं खाल्लं. हरण्यानं निम्मं टाकलं. म्या रातभर हिशेब करत हुतो, पैलं येतील, पैलं येतील. सकाळी बघितलं आन् आधी तोबरा धुवाय घेतला."

"आन् त्या आकारामाचं नाव?"

"त्येच्यावर समद्यांचा इश्वास बसंल असं वाटलं."

तो खरं तेच बोलला होता. सगळ्यांचा विश्वास बसला होता, एका क्षणात, कुणी एक प्रश्न न विचारता. ज्याच्या हातात रॉकेलची बाटली होती त्यानं ती हळूच धोतराआड घेतली. फौजदार उठले आणि शिपायाला म्हणाले, "हवालदारांना घ्या. खोटा पुरावा ठेवलाय, एवढं कलम पुरेल. आणि त्याला सोडा."

दोरी सुटली. आकारामच्या मनगटांवर वळ उठले होते. तो ओट्याच्या कडेला बसला आणि हात चोळू लागला.

गोठ्याकडून गडी सांगत आला की हरण्यानं कान हलवले, पाणी मागतोय. लालासाहेबांनी डोळे पुसले. एका दिवसात त्यांचा बैल गेला होता आणि भाऊ गेला होता. ते आकारामजवळ आले.

"झालं त्ये झालं, आकाराम. जा आता घरला. उद्यापास्नं ये कामाला."

आकाराम उठला नाही.

"मालक, सकाळी तुमी हितं हुबं ऱ्हाऊन सांगितलंसा, आकारामानं ईख घातलं. वरच्या आळीपतूर ऐकू गेलं. माझ्या पोरांनी ऐकलं. आता बी हितंच हुबं ऱ्हावा आन् सांगा."

लालासाहेबांनी फौजदारांकडं पाहिलं. फौजदार कागदात डोकं घालून लिहीत होते. त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर सुरी पुसत होते, पण त्यांचा हात थांबला होता. गर्दीतून कुणी मदतीला आलं नाही, कारण तिथला प्रत्येक जण सकाळी ओरडला होता.

लालासाहेब ओट्यावर चढले. खाली मान घालून, घशातल्या घशात म्हणाले, "आकारामानं काय केलं न्हाई."

आकारामनं फुटका ओठ बाहीनं टिपला.

"ऐकू आलं न्हाई, मालक."

मग लालासाहेबांनी मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी ते वरच्या आळीला ऐकू गेलं, विहिरीवरच्या बायकांना ऐकू गेलं. राहीबाईनं दोन्ही पोरांना पोटाशी ओढलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती रडायला लागली.